संकेतस्थळाचा कारागीर

घोडनदीच्या कांठीं वसलेल्या शिरूर गांवाला आगगाडी नाहीं आणि भीमेच्या कांठच्या दौंडाला आगगाडीवांचून दुसरी ओळख नाहीं, असें थोड्याशा अतिशयोक्तीनें म्हणतां येईल. पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांतील हे दोन शेजारी तालुके. एकांत रांजणगांवचा महागणपति व त्याच गांवच्या नांवाची कारखान्यांची वसाहत; दुसऱ्यांत कुरकुंभचे रासायनिक कारखाने; दोहोंतही ऊंस, कांदा आणि दुधाचा धंदा. या दोन्ही तालुक्यांत अलीकडे अशीं घरें पुष्कळ आढळतात, कीं ज्यांतील एक मुलगा किंवा मुलगी ‘कॉम्प्युटरमध्यें आहे’ एवढेंच वडील मंडळी सांगूं शकतात. कॉम्प्युटरमध्यें म्हणजे नेमकें कोठें, असें विचारलें तर आजोबा हंसतात आणि बोलणें पिकापाण्यावर नेतात. हीं मुलें ज्या अनेक कामांत विखुरलेलीं असतात, त्यांपैकीं एक काम वेब डेव्हलपराचें, म्हणजे संकेतस्थळें बांधणाऱ्या कारागिराचें होय. सुतारानें केलेली पाभर शेतांत चालतांना दिसते, गवंड्याची भिंत उभी राहते. या कारागिराच्या कामाचा मात्र विशेष असा, कीं तें नीट झालें असतां दिसतच नाहीं. बिघडलें म्हणजे चावडीपुढच्या रांगेपासून बँकेच्या खिडकीपर्यंत सर्वांस दिसतें.

संकेतस्थळ म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. दूर कोठें तरी अहोरात्र चालू असलेलें एक यंत्र असतें, त्यास सर्व्हर म्हणतात. मागेल त्याला मागितलेलें पान देणें हें त्याचें काम. फोनवरील ब्राउझर हें पान मागणारें व आलेलें पान मांडून दाखविणारें साधन. हें पान तीन प्रकारच्या लिखाणांनीं घडतें. पहिलें एचटीएमएल. हा मथळा, ही यादी, हा रकाना, येथें नांव लिहावयाचें, असें तें सांगतें. त्यास घराच्या भिंती म्हणावें. दुसरें सीएसएस, रंग, अंतर आणि अक्षरांचा आकार त्याच्या स्वाधीन, तो गिलावा. तिसरें जावास्क्रिप्ट. पानावर बोट टेंकतांच काय घडावें हें तें ठरवितें, म्हणून त्या बिजागऱ्या आणि कड्या. गिलावा नसलेल्या घरांत मनुष्य राहूं शकतो. भिंतीच नसतील तर बिजागरी कशाला लावणार? तरीही आजकाल नुसत्या बिजागऱ्यांचीं घरें पुष्कळ बांधलीं जातात आणि जुन्या फोनवर तीं उघडत नाहींत, ही जाणत्या कारागिरांची तक्रार रास्त आहे.

ही विद्या फार जुनी नाहीं. टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थानें 1989 सालीं जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेंत तिची कल्पना मांडली, 1991 पर्यंत पहिलें संकेतस्थळ उभें राहिलें, आणि 30 एप्रिल 1993 रोजीं सर्ननें ती सर्व जगास विनामूल्य मोकळी करून दिली. भारतांत 15 ऑगस्ट 1995 रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सामान्य लोकांसाठीं खुलें केलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत ब्रेंडन आइक यानें जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत तयार केला होता. त्या घाईच्या खुणा तिच्या अंगावर अजून दिसतात. पण या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती मोकळीक. कोणतेंही पान उघडावें आणि त्याच्या मागचें लिखाण वाचावें, अशी सोय या विद्येंत आरंभापासून आहे. दुसऱ्या धंद्यांत उस्ताद आपली किल्ली शेवटपर्यंत दाखवीत नाहीं. येथें प्रत्येक भिंतीची वीट न् वीट बाहेरून दिसते. ज्याच्याजवळ शिकवणीचे पैसे नाहींत त्याला ही केवढी सवलत झाली, हें सांगणें नको.

म्हणूनच या कामांत येणाऱ्यांची पूर्वपीठिका एकसारखी नसते. कांहीं अभियांत्रिकी महाविद्यालयांतून येतात, कांहीं विज्ञानाची वा वाणिज्याची पदवी घेऊन. 2001 सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशननें एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम चालविला, आणि ग्रामीण भागांतील पुष्कळांची संगणकाशीं पहिली भेट त्याच वर्गांत झाली. पुढचें शिक्षण बहुतेकांचें स्वतःचेंच. दौंडाहून पुणें रेल्वेनें सुमारें 75 किलोमीटर. त्या रोजच्या जाण्यायेण्यांत फोनवर धडे वाचून तयार झालेले कारागीर थोडेथोडके नाहींत. मराठी शाळेंत शिकलेल्या मुलाला येथें दोन डोंगर चढावे लागतात. संदर्भग्रंथ इंग्रजींत, यंत्रानें दाखविलेली चूकही इंग्रजींत. आधीं भाषा, मग विद्या. परंतु याच मुलाला एक गोष्ट आयती ठाऊक असते, जी मोठ्या शहरांत वाढलेल्या सोबत्याला कोणत्याही ग्रंथांत सांपडत नाहीं. चावडींत काय चालतें, सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यांत काय लिहितात, आणि घरच्या फोनची कांच किती तडकलेली आहे, हें त्याला माहीत असतें. त्याच्या धंद्यांत या ज्ञानाचें मोल किती, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल.

शिरूर तालुक्यांतील एखाद्या शेतकऱ्याला पीककर्जासाठीं सातबारा पाहिजे आहे, असें धरावें. सातबारा म्हणजे गांव नमुना सात आणि गांव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. पहिल्यांत जमीन कोणाची व तीवर कोणाचे हक्क, दुसऱ्यांत पीक कोणतें. मालकींत बदल झाला म्हणजे तो आधीं नमुना सहांत, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहींत चढतो. हे नमुने पूर्वीं तलाठ्याच्या दप्तरांत असत. (या अधिकाऱ्याचें सरकारी नांव 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी असें झालें आहे, गांव मात्र त्याला अजून भाऊसाहेबच म्हणतें.) आतां शेतकरी ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका व गांव निवडतो, गट नंबर लिहितो आणि बोट टेंकतो. त्या क्षणापासून दोनचार सेकंदांत जें घडतें, तें दौंड जंक्शन पाहिलेल्या मनुष्याला सहज कळण्यासारखें आहे. त्याची मागणी सबंध जात नाहीं. तिचे लहान लहान डबे पाडतात, प्रत्येक डब्यावर कोठून व कोठें हें लिहितात, आणि वाटेंतील प्रत्येक जंक्शनवर एक यंत्र तो पत्ता वाचून पुढची वाट ठरवितें. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडांत इंजिन उलट्या टोंकास लावावें लागे; पुढें गांवाबाहेरून कॉर्ड लाइन टाकल्यावर कित्येक गाड्यांचा हा खोळंबा वांचला. इंटरनेटच्या जंक्शनवरही एक वाट तुंबली असतां दुसरी निवडली जाते. वाटेंत एखादा डबा हरवला तर तेवढाच पुन्हां मागवितात. सर्व डबे पोंचले म्हणजे सर्व्हर आपल्या माहितीकोषांत तो गट शोधतो, सांपडलेल्या नोंदी पानांत ओवतो, आणि तें पान पुन्हां डब्यांत भरून परत पाठवितो.

असा एक डबा सामान्यतः 1,500 बाइटांपेक्षां मोठा नसतो. यूटीएफ-8 या प्रचलित पद्धतींत देवनागरीचें एक चिन्ह तीन बाइट जागा घेतें. म्हणजे दोन हजार चिन्हांच्या मजकुराला सहा हजार बाइट पुरतात. चार डबे, कीं काम झालें. त्याच पानाच्या माथ्यावर हंसऱ्या शेतकऱ्याचें तीस लाख बाइटांचें रंगीत छायाचित्र लावलें तर दोन हजार डबे आणखी जोडावे लागतात, आणि तेवढ्या जागेंत दहा लाख चिन्हांचा एक जाडजूड ग्रंथ मावला असता. पुण्यांतील कचेरींत बसून हें चित्र पाहणाऱ्याला तें निमिषांत दिसतें. जेथें फोनवर नेटवर्काची एकच काडी दिसते अशा वस्तीवर खऱ्या शेतकऱ्याला सातबारा मिळण्यापूर्वीं हंसऱ्या शेतकऱ्याची वाट पाहावी लागते. पानाचें वजन हा म्हणूनच या कारागिरांचा आवडता वादाचा विषय आहे, आणि त्यांतील चांगले कारागीर आपलें काम मुद्दाम जुन्या व स्वस्त फोनवर तपासून पाहतात.

वजनापेक्षांही अवघड प्रकरण नांवांचें. गट नंबर आठवत नसेल तर नांवावरून शोधावें, अशी सोय असते. तेथें पहिलें नांव, मधलें नांव व आडनांव अशा चौकटी असतात. चौकट आंखणारा मनुष्य येथें नकळत एक सिद्धांत मांडीत असतो, कीं प्रत्येक माणसाला तीन नांवें असतात आणि तीं एकाच क्रमानें येतात. जुनें महसुली दप्तर हा सिद्धांत मानीत नाहीं. तेथें वडिलांच्या नांवामागें ‘बिन’ लिहिलेलें असतें, विवाहितेच्या पुढें ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार असें लिहून नवऱ्याचें नांव येतें, अज्ञान मुलाच्या नांवाशीं ‘अ.पा.क.’ आणि एकत्र कुटुंबाच्या कर्त्यापुढें ‘ए.कु.मॅ.’ हीं अक्षरें असतात. आडनांव कित्येकदां नसतेंच. अशी नोंद संगणकावर चढवितांना कोणतें अक्षर कोणत्या चौकटींत पडलें, यावर पुढच्या पिढीला ती सांपडणें न सांपडणें अवलंबून राहतें. वारसनोंद करावयास निघालेल्या विधवेचें नांव एका कागदावर माहेरचें, दुसऱ्यावर सासरचें, आणि आधार कार्डावर तिसऱ्याच कोणाच्या कानानें ऐकून लिहिलेलें असतें. माणसाला या तीन स्त्रिया एकच आहेत हें कळतें. यंत्राला तें कोणी तरी सांगून ठेवावें लागतें, आणि तें सांगणारा हाच कारागीर. 2019 सालापासून पंतप्रधान किसान योजनेचे वर्षाचे सहा हजार रुपये सरळ बँकेंत येऊं लागले, तेव्हां नांवाच्या एका वेलांटीची किंमत पुष्कळ घरांना प्रथमच रुपयांत समजली.

वेलांटीचा प्रश्न निघाला म्हणून दौंड तालुक्यांतील केडगांवची आठवण करणें योग्य होईल. पंडिता रमाबाईंनीं या गांवीं आपलें मुक्ति मिशन उभें केलें आणि तेथें छापखाना घातला. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून त्यांनीं बायबलाचें सुबोध मराठी भाषांतर केलें, आणि त्याचे खिळे आश्रमांतील स्त्रियांनीं जुळविले. रमाबाई 1922 सालीं निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 त बाहेर पडला. ज्या स्त्रियांना दुष्काळानें व वैधव्यानें घराबाहेर काढलें होतें, त्यांच्या बोटांनीं शिशाचें एक एक अक्षर उचलून तो घडला, ही गोष्ट यंत्रयुगाच्या इतिहासांत जितकी सांगावी तितकी सांगितली जात नाहीं. ‘शि’ हें अक्षर जुळवितांना डोळ्यांना आधीं वेलांटी दिसते, मग ‘श’. जुळविणारीला त्याच क्रमानें विचार करावा लागे.

संगणकांत शिसें नाहीं, अंक आहेत. प्रत्येक अक्षराला एक ठराविक क्रमांक, आणि ते क्रमांक सर्व जगांत एकच असावे म्हणून केलेली योजना म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ति 1991 सालची. त्याच वर्षीं भारताचें ‘इस्की’ हें मानकही प्रसिद्ध झालें, आणि भारतीय लिपी संगणकावर आणण्याच्या कामांत पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें मोठा वांटा उचलला. युनिकोडांत ‘शिरूर’ हा शब्द 2358, 2367, 2352, 2370, 2352 अशा पांच अंकांनीं लिहितात, आणि ‘दौंड’ हा 2342, 2380, 2306, 2337 अशा चार. येथें वेलांटीचा अंक ‘श’च्या नंतर येतो; म्हणजे खिळे जुळविणारीच्या क्रमानें नव्हे, तर उच्चाराच्या क्रमानें. डोळ्यांना ती आधीं दाखविण्याचें काम फाँटाचें. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं जे मराठी फाँट होते, त्यांनीं वर्तमानपत्रें व ग्रंथ छापून मोठें काम केलें खरें, पण त्यांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागीं बसविलेलें असे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर उघडला कीं रोमन अक्षरांचा निरर्थक चिवडा दिसे. त्या काळीं सांठविलेलें कित्येक कचेऱ्यांचें लिखाण पुढें युनिकोडांत फिरवून घ्यावें लागलें.

युनिकोड आल्यानें सर्व सुरळीत झालें असें मात्र नाहीं. ‘शिरूर’ आणि ‘शिरुर’ यांत वाचणाऱ्याला फरक जाणवत नाहीं. यंत्राला 2370 व 2369 हे दोन अगदीं निराळे अंक दिसतात. ‘ॲडव्होकेट’मधील पहिल्या अक्षराला स्वतःचें घर 2008 सालीं मिळालें, त्यापूर्वीं ‘अ’ला चंद्र जोडून तें लिहीत, आणि आजही कांहीं जण तसेंच लिहितात. दिसावयास दोन्हीं सारखीं, शोधावयास दोन्हीं वेगळीं. याहून मौजेचें उदाहरण ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाचें आहे. यांतील ‘र’ डोक्यावरचा रफार नव्हे, कडेचा डोळ्याच्या पापणीसारखा ‘र’ आहे. हा भेद मराठीला फार जरूर आहे. नाहीं तर आचार्यांना द्यावयाची दक्षिणा आचाऱ्यांना जाईल. द्राविडी भाषांतील कठोर ‘र’साठीं राखलेल्या 2353 या अंकाला हलंत करून पुढें ‘य’ लिहिला म्हणजे हा मराठी ‘र’ उमटतो. ज्या कारागिराला हें ठाऊक नसतें त्याच्या पानावर सर्व महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांच्या डोक्यावर रफार चढतो, आणि शेतकऱ्यांसाठींच काढलेल्या योजनेच्या मथळ्यांत तो वाचावा लागतो.

अशा गोष्टींमुळेंच या कारागिरांपैकीं पुष्कळांना लिपीचा आणि अक्षरांच्या वळणाचा नाद लागतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळीनें ‘मुक्ता’ नांवाचा देवनागरी फाँट तयार करून तो सर्वांना विनामूल्य वापरण्यास मोकळा केला. केडगांवच्या मुक्तीशीं त्याचा संबंध केवळ नांवापुरता, तरी योग चांगला आहे. कोणी 1 मे 2003 रोजीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर आपल्या गांवाविषयीं लिहितो, कोणी मोकळ्या नकाशावर ओढे, पाणंदी आणि वाडीचीं नांवें भरतो. कोणाला जुनीं यंत्रें दुरुस्त करण्याची हौस. विरंगुळ्याच्या वेळीं केलेलीं हीं कामें पोटापाण्याच्या कामाहून पुष्कळदां अधिक टिकाऊ ठरतात, कारण त्यांत गिऱ्हाईकाची घाई नसते.

रोजच्या वापरांतील यंत्रांविषयींचीं त्यांचीं मतेंही ऐकण्यासारखीं असतात. बाहेरच्यांना वाटतें, हे लोक प्रत्येक नव्या वस्तूवर लुब्ध असतील. प्रत्यक्षांत अनुभवी कारागीर घरांत कमी यंत्रें ठेवतो, संकेतशब्द कोणास सांगत नाहीं, आणि चहाच्या टपरीवर चौकोनी चिन्ह टिपून पैसे देतांना समोर उमटलेलें नांव वाचल्यावांचून बोट टेंकीत नाहीं. फोनवर येणारा सहा अंकी ओटीपी ही घराची किल्ली आहे, हें आईवडिलांना समजावण्यांत त्याचे कित्येक रविवार जातात. आणि येथें एक अडचण आहे, तिचें उत्तर त्याच्याजवळही पुरें नाहीं. ज्या वृद्धाला पान उघडतां येत नाहीं तो सेवा केंद्रांत जातो. आपला फोन, आपलें आधार कार्ड आणि तो ओटीपी केंद्रचालकाच्या हवालीं करतो. केंद्रचालक भला असेल तर काम होतें. पण किल्ली कोणास देऊं नये असें एकीकडे सांगणारी आणि किल्ली दिल्यावांचून दार न उघडणारी अशी ही व्यवस्था आहे, आणि पान साधें, मोठ्या अक्षरांचें व शुद्ध मराठींत असतें तर यांतल्या कित्येकांना केंद्राची पायरी चढावीच लागली नसती. दार बांधणारानें या वृद्धाचा विचार केला नाहीं, हा दोष यंत्राचा म्हणतां येणार नाहीं.

महाभूलेखावर फुकट दिसणारा उतारा पाहण्यापुरता असतो. कचेरींत तो चालत नाहीं. 1 मे 2018 पासून सही केलेला सातबारा घरबसल्या मिळूं लागला. ही सही शाईची नव्हे. उताऱ्यांतील सर्व अक्षरांच्या अंकांवरून एक लहानसा सारांश-अंक काढतात आणि तो अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीनें बंद करतात. उलट तपासण्याची किल्ली सर्वांस मिळते. मजकुरांतील एक वेलांटी जरी कोणी बदलली तरी सारांश-अंक जुळत नाहीं आणि खोटेपणा उघड होतो. बँकेंतील कारकुनाला आतां शिक्का उजेडाकडे धरून पाहण्याचें कारण उरलें नाहीं. उताऱ्यावरील क्रमांक संकेतस्थळावर घालून तो खात्री करून घेतो. मात्र ही सही नोंद तीच आहे एवढेंच सांगते. ती मुळांत खरी आहे, असें नाहीं. चुकलेली नोंद सही केल्यावरही चुकलेलीच राहते, आणि ती सुधारण्यासाठीं तालुक्याची वाट धरावी लागते.

पिकाच्या रकान्याबाबत मात्र वाट बदलली आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत शेतकरी आपल्या बांधावर उभा राहून फोनवर पीक, क्षेत्र व पाण्याचें साधन लिहितो आणि पिकाचें छायाचित्र काढतो. तें कोठें काढलें हें फोन आपोआप टिपून ठेवतो. शेतांत नेटवर्क असेलच असें नाहीं, हें हा कार्यक्रम बांधणाऱ्यांनीं आधींच धरलें होतें. म्हणून छायाचित्र फोनमध्येंच थांबून राहतें, आणि शेतकरी संध्याकाळीं गांवाजवळ आला, काड्या दोनाच्या तीन झाल्या, म्हणजे तेथून तें पुढें पाठवितां येतें.